हेही बघ

प्रिय अर्ध्या,

टक्, टक्, टक्, टक्. गुरुजींची लाकडी पट्टी टेबलाच्या कडेवर पडतेय, एका खोलीत कोंबलेल्या दोन इयत्तांची चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणतायत, आणि ओळ संपून सगळे गप्प झाल्यावर मागच्या बाकावरून एक आवाज शेवटचं अक्षर एकटाच पुरं करतोय. तो तुझा. अर्ध्या मात्रेने मागे. गुरुजी पट्टी थांबवायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, आले का अर्धमात्रा महाराज. वर्ग हसायचा. पुढे महाराज गळून गेले, मात्राही झिजली, आणि तू जन्मभराचा अर्ध्या झालास. आईसुद्धा जेवायला हाक मारताना अर्ध्याच म्हणायची. मला आता पुष्कळ गोष्टी नीट ऐकू येत नाहीत, डाव्या कानाने तर केव्हाच निवृत्ती घेतलीय. पण मागून आलेलं ते शेवटचं अक्षर अजून स्पष्ट ऐकू येतं. हल्ली रोज येतं.

चव्वेचाळीस वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी आजारी नाही. म्हणजे मी नाही. तुझी वहिनी गेली, त्याला आता आठ महिने होतील. खरं तर हे आधी लिहायला हवं होतं, आणि बघ, मी कवितेपासून सुरुवात केली. ती असती तर म्हणाली असती, तुम्हाला घराला आग लागल्याचं सांगायचं असलं तरी आधी ज्वाळांचं वर्णन कराल. एका सकाळी ती उठली नाही, एवढंच. लोक आले, बसले, गेले. मी सगळ्यांना पाणी दिलं. रडलो नाही. अजूनही नाही. हात अंगाखाली दबला की जसा लाकडाचा होतो, आपलाच असतो पण उचलून बाजूला ठेवावा लागतो, तसा मी सगळाच झालोय. दुखत काही नाही. चहा करतो, दोन कप काढतो, एक परत ठेवतो, त्याचंही काही वाटत नाही. चहा गार झाला होता हे कप रिकामा झाल्यावर कळतं.

दुकान मी नऊ वर्षांपूर्वी बंद केलं. हात थरथरायला लागले होते. सुईत दोरा ओवायचा तर तुझ्या वहिनीला हाक मारायची, आणि गिऱ्हाईक समोर उभं. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची याहून शोभा ती काय व्हायची. अवजारं एका पेटीत भरली आणि बाबांची चिठ्ठ्यांची खोकी घरी आणली. ती तू विसरला नसशील. तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. मशीन दुकानात आलं की चिठ्ठी दोऱ्याने त्याच्या मानेला बांधायची. पुढच्या बाजूला तक्रार, काय केलं, तारीख आणि करणाऱ्याची सही. मागच्या बाजूला बाबांचे ते दोन शब्द, हेही बघ. असाच बिघाड आधी कधी येऊन गेला असेल तर त्या चिठ्ठीचा नंबर इथे लिहायचा, आणि ती जुनी चिठ्ठी शोधून काढून तिच्या मागे या नवीचा. जिच्याकडे दुसरी कुठलीच चिठ्ठी बोट दाखवत नाही ती खोक्यात गेली की मेली, असं बाबा म्हणायचे. आपण नंबर शोधून वैतागायचो. एकदा तू म्हणालास, बाबा मशीनं दुरुस्त करतात की त्यांची लग्नं जुळवतात. बाबांनी ते ऐकलं आणि तुला संध्याकाळपर्यंत एक अख्खं खोकं लावायला बसवलं. तू ते लावलंस, आणि प्रत्येक चिठ्ठीला वधूवरांसारखी नावं ठेवून मला हसवत राहिलास. माझा दोरा त्या दिवशी चारदा तुटला.

तर त्या चिठ्ठ्यांची आम्ही वेबसाइट केली. हसू नकोस. कल्पना वहिनीची. तिचं म्हणणं, पायाची जुनी मशीनं अजून घराघरांत आहेत, ती दुरुस्त करणारे मात्र संपत आले, मग हे पुठ्ठे काय वाळवीसाठी ठेवायचे. मी सांगायचो, ती टाइप करायची. एका बिघाडाचं एक पान. टाका सुटतो. खालचा दोरा गुंततो. कापड पुढे सरकत नाही. पट्टा घसरतो. वर दुकानाचं नाव, बाबांनी पाटीवर रंगवलं होतं तसंच. चार वर्षांत दोनशेच्या वर पानं झाली आणि ती वाचणारी माणसं दोन. ती चुका काढायला वाचायची आणि मी कौतुकाने.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. कंपन्यांच्या वेबसाइट गुगलच्या शोधात वर आणायच्या, हा तिचा धंदा. वहिनीने तिचं नाव लिंकवाली ठेवलं होतं. एकदा ती आमची शिडी परत द्यायला खाली आली आणि शिडी हातात धरूनच आमच्या पडद्यावर वाकली. म्हणाली, काकू, पानं सोन्यासारखी आहेत, पण एका पानातून दुसऱ्या पानावर जायला रस्ताच नाही. गुगल आपला एक कोळी सोडतो, तो या लिंकवरून त्या लिंकवर चालत जातो. तुमच्याकडे येतो, पहिलं पान बघतो, पुढे धागा नाही, मग परत जातो. त्याला बिचाऱ्याला कसं कळणार की आत दोनशे खोल्या आहेत. तुझ्या वहिनीने चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, अहो, हे तर मामंजींचं हेही बघ. आम्ही दोघं इतके हसलो की ती मुलगी शिडी घेऊन तशीच उभी राहिली. म्हातारा म्हातारी एकदम बिघडली असं तिला वाटलं असणार.

मग तिने आम्हाला शिकवलं. महत्त्वाचं पान पहिल्या पानापासून दोनतीन पावलांत सापडायला हवं. ज्या पानाकडे बरीच पानं बोट दाखवतात ते गुगलला वजनदार वाटतं. जे पान लोक जास्त वाचतात, त्यातून दुसऱ्या पानाकडे लिंक दिली की त्याचं थोडं वजन पलीकडे जातं. पण म्हणून शब्दाशब्दाला लिंका टाचू नका काका, कपड्याला सगळीकडे बटणं लावल्यासारखं दिसतं, वाचणाऱ्याला जिथे पुढचा प्रश्न पडतो तिथेच लावा. आणि लिंक ज्या शब्दांवर असते ते शब्द खरे हवेत. इथे क्लिक करा, असलं काही लिहायचं नाही. आत जे आहे तेच बाहेर लिहायचं. हे शेवटचं मला फार पटलं. गुरुजी म्हणायचे ना, यमक जुळत नसलं तर नसू दे, पण यमकासाठी खोटं बोलू नका रे.

वर्षभर आम्ही तेच केलं. नवं काही करायचंच नव्हतं, बाबांनी नंबर घालून ठेवले होते, ते फक्त पडद्यावर उतरवायचे. टाका सुटतो या पानातून सुई उलटी बसलीय का या पानाकडे, तिथून सुईचा नंबर कसा ओळखावा याकडे. हळूहळू लोक येऊ लागले. कुठल्या कुठल्या गावांहून पत्रं यायची. आजीचं मशीन वीस वर्षांनी चालू झालं, तुमच्यामुळे. दुपारी जेवणं झाली की वहिनी ती मोठ्याने वाचायची आणि मला चेष्टेने मास्तर म्हणायची. सुई वारंवार का मोडते, हे आमचं पान शोधात सगळ्यात वर येऊन बसलं. लिंकवाली ते सांगायला दोन दोन पायऱ्या गाळत खाली आली.

सुई का मोडते, हे पान कुणी लिहिलं, तर मी. हे वाचून तू क्षणभर थांबला असशील. थांब. मीही इथे लेखणी ठेवून खिडकीपाशी जाऊन आलो.

त्या पानाच्या आणि त्याला जोडलेल्या दोन पानांच्या चिठ्ठ्या टाइप करताना एक गोष्ट झाली. तीन चिठ्ठ्यांच्या मागे हेही बघ असं लिहिलेलं होतं आणि त्यापुढे काही नव्हतं. पुठ्ठा तिथे खरवडलेला. वहिनीने एक चिठ्ठी उजेडाकडे तिरकी धरली. काय होतं हो इथे, म्हणाली. मी म्हटलं, ओल लागली असेल. तिन्हींना, आणि नेमकी एकाच जागी? मी म्हटलं, जुना पुठ्ठा, काही सांगता येत नाही. बरं, म्हणाली ती. तिचं ते बरं तू ऐकलेलं आहेस. त्यात दार लावल्याचा आवाज असायचा.

फ्रॉक शिवून विकणारी ती फ्रॉकवाली, तिचं मशीन तू गेलास त्या आठवड्यात गुरुवारी दुपारी आलं होतं. तू पलीकडच्या वसतिगृहात त्यांची मशीनं बघायला गेला होतास, बाबा गल्ल्यामागे डुलक्या काढत होते. काम साधं होतं. सुईची दांडी साफ करून तेल द्यायचं आणि सुई परत बसवायची. मी ते करत होतो आणि मनात शाळेतली ती नदीची कविता चालली होती. तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ काही केल्या आठवेना. सुई बसवली, ती धरून ठेवणारा स्क्रू बोटाने फिरवला, आता पान्याने आवळायचा, आणि नेमकी ओळ आठवली. मी उठलो आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, पुन्हा जाऊ नये म्हणून. परत येऊन चिठ्ठी भरली, सही केली, मशीनवर फडकं फिरवलं. मागच्या बाजूला तीन नंबर लिहिले आणि त्या तिन्ही चिठ्ठ्यांवर हिचा. सगळा नियम पाळला. स्क्रू तेवढा राहिला. संध्याकाळी तू आलास आणि मशीन सायकलला बांधून तिच्या घरी पोचवून आलास. तुझ्या हातात ते फक्त पोचवण्यापुरतं होतं.

शनिवारी सुई ढिली होऊन खाली उतरली, आतल्या पोलादावर आपटली, आणि मोडलेला तुकडा तिच्या डाव्या डोळ्यात गेला. तेव्हा बावीस वर्षांची होती ती. तिचा नवरा दुकानात आला. आरडाओरडा केला नाही त्याने, ते बरं झालं असतं. हळू विचारलं, आमचं मशीन कुणी केलं होतं. बाबांनी आपल्या दोघांकडे पाहिलं. तुझी वहिनी तेव्हा नवी नवी घरात आली होती आणि आतल्या दारात उभी होती. मला सगळं दिसत होतं, कॅलेंडरवरची ओळसुद्धा. एक पूर्ण मात्रा मला मिळाली होती, अर्ध्या. एक अक्षर बोलायला ती पुरते. आणि मग मागून तुझा आवाज आला, मी. तसाच, नेहमीसारखा थोडा उशिरा. वर्गात तू सगळ्यांच्या नंतर बोलायचास. त्या दिवशी तुझ्याआधी कुणीच बोललं नव्हतं.

का बोललास, ते मी तुला कधी विचारलं नाही. रविवारी तू घर सोडून निघालास तेव्हा तुझ्या पिशवीचा बंद मी बांधून दिला आणि म्हटलं, पोचल्यावर कळव. माणूस काय काय बोलू शकतो बघ. संध्याकाळी मी ती चिठ्ठी खोक्यातून काढली. बाबांनी कधी चाळली असती तर तिच्यावर माझी सही सापडली असती. मग उरलेल्या तीन चिठ्ठ्यांवरचा तिचा नंबर ब्लेडने खरवडला. फाडून टाकायचा मात्र धीर झाला नाही. शाळेतलं कवितांचं पुस्तक माझ्याकडे होतं, अजून आहे. त्यात नदीच्या कवितेपाशी ती ठेवून दिली. बाबांनी तुझं नाव पुन्हा काढलं नाही. तुझा पिवळ्या मुठीचा पेचकस मात्र खिळ्यावर तसाच टांगलेला राहिला. बाबा तो रोज पुसायचे आणि परत अडकवायचे.

सगळ्यात कठीण काय होतं सांगू? फ्रॉकवाली पुढेही मशीन माझ्याकडेच आणत राहिली. दर वर्षी. निष्काळजी तो गेला, थोरला काळजीचा आहे, असा तिचा विश्वास. एका डोळ्याने दोरा ओवून दाखवायची आणि म्हणायची, तुमचा तो धाकटा राहिला असता तर हाही गेला असता बघा. ती थट्टेने म्हणायची. मी हसायचो. दर वर्षी हसलो. तिचा तो स्क्रू तीन तीनदा आवळायचो, आणि तिला त्याचंच कौतुक वाटायचं.

वहिनी गेल्यावर एका दुपारी, काही सुचेना म्हणून, मी कवितांचं पुस्तक काढलं. कविता वाचून तरी काही हलेल असं वाटलं. काही हललं नाही. नदीची कविता उघडली, चिठ्ठी जागेवर होती. पण तिला दुसरी एक चिठ्ठी टाचणीने जोडलेली होती, वहीच्या कागदाची, अक्षर वहिनीचं. वर लिहिलं होतं, हेही बघ. खाली तुझा पत्ता.

किती वर्षं ती तिथे होती, मला माहीत नाही. तिने तो कुठून मिळवला तेही माहीत नाही. तिला कवितेचं वेड अजिबात नव्हतं, त्या पुस्तकाला ती कधी हात लावेल असं मला वाटलंच नव्हतं. ती काही बोलली नाही. तिने फक्त तिथे चिठ्ठी जोडली आणि मी ते पान उघडण्याची वाट बघत राहिली, आणि मी ते तिच्या हयातीत उघडलं नाही. हे लिहितानाही मला काही वाटायला हवं. हात नुसता लिहितोय.

त्याच दिवशी मी वेबसाइटवर एक पान केलं. सगळं लिहिलं. तारीख, स्क्रू, कॅलेंडर, सही, माझा गप्पपणा. एकेक अक्षर शोधत टाइप केलं, कारण टाइप करणारी गेली होती. पान प्रकाशित केलं आणि ताठ बसलो. झालं, म्हटलं. जगासमोर ठेवलं.

पुढच्या महिन्यात लिंकवाली आली. ती मधूनमधून साइट तपासून देते, काही तुटलंय का बघते. म्हणाली, काका, सगळं ठीक आहे, फक्त एक पान अनाथ आहे. मी विचारलं, अनाथ म्हणजे? म्हणजे पान आहे, पण तुमच्या एकाही पानातून त्याच्याकडे लिंक नाही. कुणी वाट चुकूनसुद्धा तिथे पोचणार नाही. लिंक देऊ, की काढून टाकू? मी म्हटलं, राहू दे. ती वर गेली. आयुष्यभर बाबांचा नियम पाळणारा मी. दोनशे पानांना जोडणारा मी. मी कबुली दिली ती अशा ठिकाणी ठेवून, जिथे कुणाची सावली पडणार नाही. पुस्तकातून काढली आणि दुसऱ्या पुस्तकात ठेवली. विसरलो असं म्हणायची सोय नाही. ते पान करताना बोट लिंकेच्या बटणावर गेलं होतं आणि मी ते मागे घेतलं होतं.

तीन आठवडे मी शब्द शोधत होतो. लिंक द्यायची तर सुई का मोडते या पानातूनच, बाबांचा नंबर तिथलाच होता. पण कुठल्या शब्दांवर? आधी लिहिलं, एका दुकानातला जुना प्रसंग. मग लिहिलं, ढिल्या स्क्रूमुळे घडलेला अपघात. लिंकवालीला दाखवलं. तिने मग ते पान उघडलं आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचलं. खुर्ची ओढून घेतली. मग तिच्या कामातलंच बोलली. काका, आत जे आहे ते बाहेर नाहीये. आत घडलेलं नाही, आत केलेलं आहे.

परवा सकाळी मी ती लिंक दिली. सुई धरणारा स्क्रू पान्याने आवळावा, नुसत्या बोटाने नव्हे, हे वाक्य संपतं तिथे. शब्द असे आहेत: मी एकदा हा स्क्रू आवळायला विसरलो, एका बाईचा डोळा गेला आणि आळ धाकट्या भावाने घेतला. मग बाकीच्या दोन पानांतून, जिथे पुठ्ठा खरवडलेला होता तिथून. तीन खरवडलेल्या जागा, तीन लिंका. मी हा शब्द लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली. तू अर्ध्या मात्रेने मागे राहायचास म्हणून आम्ही तुला हसायचो.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. लिंकवाली म्हणाली, गुगलला हे पान कळायला काही दिवस लागतील, कदाचित काही आठवडे. मी म्हटलं, तेवढे पुरेत. कोळी पोचायच्या आधी, कुणी तिऱ्हाईताने वाचून तुझ्यापर्यंत बातमी आणायच्या आधी, हे तुला माझ्या हातून कळावं. पानावर मी तुला नुसतं धाकटा भाऊ म्हटलं आहे. नाव घालू का, ते तुझ्यावर. माफी मागत नाही. ती मागण्याइतकं माझ्यात काही जागं आहे की नाही, मलाच कळत नाही, आणि सवयीने मागितलेली माफी तुला ओळखू येईल. पत्ता जुना असेल. तू तिथे नसशील. खोटं कशाला बोलू, अशी सात पत्रं मी या महिन्यात सुरू केली, ती टेबलाच्या खणात आहेत, आणि हे आठवंही तिथेच जाईल असं मला आत्ता, या ओळीपर्यंत येता येता, वाटायला लागलंय. खण अर्धा उघडा आहेच. दार वाजलं. लिंकवाली दोनदा वाजवते. हे एकदाच वाजलं. बघून येतो.

अर्ध्या, फ्रॉकवाली आलीय. दारातच उभी आहे. सासष्ट वर्षांची, केस पांढरे, हाताला अजून कापडावर खुणा करायच्या खडूची पूड. काल तिची सुई मोडली, म्हणून तिने नेहमीसारखं आपलं पान उघडलं, आणि त्यात कधी नव्हती ती ओळ दिसली. गुगल यायचाय, ती आली. बसा म्हटलं तर बसली नाही. मी काही बोलायच्या आधी म्हणाली, तुमच्याशी मला नंतर बोलायचंय, धाकटे कुठे असतात ते सांगा. मी वहिनीची चिठ्ठी पुढे केली. तिने ती उजव्या डोळ्याजवळ नेऊन दोनदा वाचली. मग तिची नजर टेबलावरच्या या कागदांकडे गेली, उघड्या खणाकडे गेली. म्हणाली, त्यांनाच लिहिताय ना? पुरं करा. टपालात टाकू नका, खणात तर मुळीच नको. मी स्वतः नेऊन देणार आहे, इतकी वर्षं मी त्यांना काय काय बोलले ते मलाच त्यांना सांगायचंय. असं म्हणून ती हात पुढे करून उभी आहे, आणि माझ्याने सहीसुद्धा सरळ होत नाही. कागद ओला झालाय, तो कशाने ते मला आत्ता कळलं. त्याने अक्षर पसरलं असेल तर समजून वाच.

तुझाच,
दादा